गाडी कोण चालवतंय?

प्रवासात खिडकी मिळाली की आपलं निम्मं समाधान होतं. उरलेलं निम्मं लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेत होतं. तिथले लोक तिला नुसतं ‘डीएलआर’ म्हणतात. या गाडीला मोटरमनची केबिनच नाही. त्या जागी अख्खी काच आणि काचेला लागून प्रवाशांची बाकं. गाडी संगणक चालवतो. पण तो कुठे दिसत नाही, त्यामुळे पुढे बसेल त्याने खुशाल श्रेय घ्यावं.

या जागेवर मुलं तुटून पडतात, त्यात नवल नाही. मजा येते ती सुटाबुटातल्या साहेबलोकांची. बँक स्टेशनवर गाडीत शिरतात, अगदी सहज म्हणून पुढच्या बाकावर टेकतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. गाडी बोगद्यातून वर आली की फोन मांडीवर उलटा पडतो. लाइमहाउसकडे जाणाऱ्या जुन्या पुलावर, म्हणजे १८४० सालच्या रेल्वेच्या कमानींवर, साहेब ताठ बसलेले असतात. पुढे कॅनरी वॉर्फच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये शिरताना रूळ वळतात, तसे साहेबही वळणाच्या बाजूला हळूच कलतात. स्टेशन जवळ आलं की एखाद्याचा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला जातो. ब्रेक बरोबर लागतो, आणि कामगिरी फत्ते झाल्याचं समाधान चेहऱ्यावर पसरतं.

गाडीत रेल्वेचा एक माणूस असतो, नाही असं नाही. दारं बंद करतो, तिकिटं बघतो, वाट चुकलेल्यांना वाट सांगतो. सुरुवातीला त्याला ‘ट्रेन कॅप्टन’ असं भारदस्त नाव होतं. कधी गाडी हाताने चालवायची वेळ आली, तर तो पुढे येतो, हसून साहेबांना उठवतो, किल्लीने समोरचं झाकण उघडतो आणि आतली खरीखुरी बटणं सगळ्यांना दिसतात. पदच्युत साहेब मग मागे उभे राहून त्याच्या कामावर बारीक नजर ठेवतात.

ही रेल्वे १९८७ साली सुरू झाली, तेव्हा इकडच्या गोद्या ओस पडल्या होत्या. कंटेनरची मोठी जहाजं नदीच्या मुखाकडे गेली आणि मागे उरल्या रिकाम्या वखारी. अशा भागासाठी कोण कशाला मोठा खर्च करील? म्हणून जुने पूल वापरून काम स्वस्तात उरकलं. ११ गाड्या, १५ स्टेशनं. पुढे मनोरे उठले, माणसं आली, रेल्वे टेम्सच्या खालून ग्रिनिचपलीकडे गेली आणि स्टेशनं ४५ झाली.

त्या पहिल्या ११ गाड्यांना मात्र ही भरभराट लाभली नाही. १९९१ मध्ये बँकपर्यंतचा बोगदा झाला आणि आगीच्या नियमांमुळे त्यांना त्यात जायची बंदी झाली. मग त्या जर्मनीतल्या एसेन शहराला विकल्या. त्या घडल्याही जर्मनीतच, म्हणजे एका अर्थी माहेरीच परतल्या. एसेनची रीत वेगळी. तिथे त्यांना रीतसर केबिन बसवली आणि आत पगारी चालक नेमला. गाड्यांची सोय झाली. नोकरी गेली ती पहिल्या बाकावरच्या बिनपगारी चालकांची.