गुलाबाच्या पायाशी कोणाला बसवायचं?

अहो वहिनी, ऐकलंत का? त्या मागच्या बंगल्यातल्या नव्या बाईंनी गुलाबाच्या वाफ्यात पुदिना लावलाय! कुंडीत नव्हे, सरळ जमिनीत. वासाने मावा पळतो म्हणे. मावा पळो न पळो, पुदिना मात्र पळत सुटलाय. चटणीला ददात नाही आता, पण खत कोण खातंय? गुलाबाची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या मातीतच असतात, त्यातच हा हातपाय पसरणार. मी म्हटलं, कुंडीत लावा नि कुंडी शेजारी ठेवा. "बघते" म्हणाल्या. म्हणजे झालंच!

तुमचा झेंडू शोभतो हो, पण जरा सरकवा. बुंध्यापासून हातभर तरी लांब हवा. आणि तो उंच गेंदेदार नको, बुटका मखमली बरा, गुलाबाचं ऊन अडवत नाही. झेंडूच्या मुळांतून सुटणारं द्रव्य सूत्रकृमींना मारक असतं, हे खरंच आहे. पण कडेला दोन रोपं टोचली की काम झालं, असं नाही. तसा उपयोग हवा तर आख्खा वाफा हंगामभर झेंडूने भरायचा, मग तिथे गुलाब. आणि उन्हाळा लागला की म्हातारी रोपं उपटून टाका बाई. लाल कोळी आधी त्यांच्यावर चढतो. तिथून गुलाबावर यायला त्याला काय आमंत्रण लागतंय?

मी काय करते सांगू? कोथिंबीर. ऑक्टोबरात छाटणी झाली की झाड बोडकं होतं, ऊन थेट मातीवर येतं, तेव्हाच धणे रगडून टाकते. खुडायची मात्र नाही, फुलोऱ्यावर जाऊ द्यायची. आमचे हे म्हणतात, "दारात कोथिंबीर फुलवायची आणि मंडईतून विकत आणायची, अजब संसार!" म्हणू देत. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर सिरफिड माश्या मध खायला येतात आणि माव्याच्या थव्यात अंडी घालून जातात. अळ्या बाहेर पडल्या की कोवळ्या शेंड्यावरचा मावा फस्त करतात. बडीशेपही चालते, पण ती उंच होते, तेव्हा उत्तरेच्या कडेला.

ढालकिड्याचंही तसंच. मोठा झाला की लाल, गोंडस. पण त्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, दिसायला अगदी ओंगळ. समोरच्या काकांनी परवा कीड कीड म्हणून सगळ्यांवर औषध फवारलं. आणि आता मलाच विचारतात, मावा एवढा कसा वाढला! त्यांना जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात फूल मांडायचंय, छाटणीपासून साधारण 45 दिवसांचा हिशेब करून बसलेत. मी गप्प राहिले. बुंध्यावर मुंग्यांची रांग लागलीय, तेवढं सांगितलं फक्त. मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा हवा असतो, म्हणून त्या ढालकिड्यांनाच हुसकावतात.

लसूण? सगळे सांगतात खरं, मला काही फरक दिसलेला नाही. लावा, पात तरी मिळेल. पावसाळ्यात मात्र पायाशी काहीही नको, अगदी तुळससुद्धा लांब. वारा खेळला नाही की पानं ओलीच राहतात आणि काळे ठिपके पडून खाली गळतात.

आणि तो जोमदार फुटवा पाहिला का तुमच्या लाल गुलाबाचा? कौतुक कसलं करताय! डोळा भरलाय त्याच्या खालून आलाय तो, रानगुलाबाचा. पानाला सात पानोळ्या आहेत म्हणून नाही सांगत, त्यावर विसंबू नये. निघालाय कुठून ते बघा. ठेवलात तर वरचं कलम उपाशी मरेल. कात्रीने कापलात तर पुन्हा चार येतील. माती बाजूला करा, निघालाय तिथूनच ओढून काढा. हातमोजे आहेत ना? नसतील तर माझे घ्या, डावा तेवढा अंगठ्याशी फाटलाय.