शाळा सोडल्याचा दाखला कसा सोडवावा

मूल दुसरी-तिसरीत आहे, शाळा बदलायचं ठरलं आहे आणि पूर्वानुभव शून्य आहे, अशा पालकांसाठी हे मार्गदर्शन. त्यातही खासगी इंग्रजी शाळेतून काढून गल्लीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालणार असाल, तर आधी घोटभर पाणी प्या.

सुरुवात नातेवाइकांपासून. ही बातमी लग्नाच्या पंगतीत फोडू नये. कुणीतरी हळूच विचारतं, "नोकरी ठीक आहे ना रे?" आणि वाढपीसुद्धा जिलबीचं ताट घेऊन उत्तरासाठी थांबतो. आमच्या आत्याबाईंनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आता टाय नाही?" शाळा घराजवळ आहे, एवढंच सांगावं. अंतराशी कुणी वाद घालत नाही.

मग दाखला, म्हणजेच एलसी. अर्जात 'माझा पाल्य' असं लिहावं. घरी आपण कार्ट्याला कधी पाल्य म्हणत नाही, पण अर्जात 'मुलगा' लिहिलं की कारकून चष्म्यावरून बघतो. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात खरं कारण लिहू नये. पोरगं रविवारी संध्याकाळपासूनच गप्प होतं, हे त्या दीड इंचात मावत नाही. तिथे 'पालकांच्या विनंतीवरून' असं येतं. विनंती केली नसली तरी येतं. 'वर्तणूक' समोर 'चांगली' पाहून भारावून जाऊ नये. वर्षभर ज्याची डायरी लाल शाईने माखली होती, त्याचीही दाखल्यावर चांगलीच असते. सोडून जाणाऱ्याबद्दल वाईट बोलू नये, हा रिवाज शाळाही पाळते.

दाखला खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. मागे रांग कुरकुरली तर कुरकुरू द्या. आमच्या चिरंजीवांचं जन्मगाव तालुका ओलांडून गेलं होतं. ते घरी आल्यावर कळलं असतं, तर जनरल रजिस्टर दुरुस्त करायला शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत चपला झिजल्या असत्या.

"फी बाकी आहे, दाखला मिळणार नाही," असं ऐकू आलं तर आवाज चढवू नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं पाचवं कलम पाठ करून जा. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. आम्ही हे कलम म्हणून दाखवलं. चहा आला. दाखला चौथ्या खेपेला आला.

कागद मिळाला म्हणजे संपलं असं समजू नका. संगणकात मूल अजून जुन्याच शाळेत बसलेलं असतं. शिक्षण विभागाच्या पोर्टलवर नव्या शाळेने विनंती पाठवायची आणि जुनीने ती मान्य करायची. दोन्हीकडे फोन करत राहा.

मुलाला काय समजावून सांगायचं, यावर आम्ही दोन रात्री काढल्या. त्याने एवढंच विचारलं, "तिथे मधल्या सुट्टीत मैदानात जाऊ देतात?" देतात.

जुना टाय मात्र फेकू नका. आमच्याकडचा सध्या आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधायला लागतो.