बारा फोटोंचं गोरेगाव

मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहात २००३ साली ४,४२५ जुने कॅमेरे होते. गिनीजने तशी नोंदच केली आहे. हा आकडा कळल्यापासून माझा संसार सुखाचा झाला. बायकोने "आणखी एक कशाला?" म्हटलं, की मी पारेखांचं नाव पुढे करतो. त्याच नावाच्या बळावर हिंगोलीहून गोरेगावच्या एसटीत बसलो. शेजारच्या मामांनी कुठं निघालात म्हणून विचारलं. "जुना कॅमेरा बघायला" म्हटल्यावर ते खिडकीकडे सरकले. सोयाबीनच्या भावाचा विषय काढला, तेव्हा कुठे परत माझ्या बाजूला आले.

सेनगाव तालुक्यातल्या या गावात बातमीला वाहन लागत नाही. टपरीवर सहज चौकशी केली, तर चहा उकळेपर्यंत समोर दोन मेलेले मोबाइल, एक लंगडा ट्रायपॉड आणि तारेसकट एक सीसीटीव्ही हजर. तो कुठून उपटला हे मी विचारलं नाही.

शेवटी एका पोराने आजींच्या वाड्यावर नेलं. लोखंडी पेटीतून निघाला आग्फा क्लिक थ्री! बडोद्यात बनलेला. बॅटरी नाही, फोकस नाही. ऊन आहे की ढग एवढं त्याला सांगायचं आणि खटका दाबायचा.

"चालतो का, आजी?"

"न चालायला काय झालं? मालक व्हते तवर दर पोळ्याला चालायचा. एकदा चाक फिरवायचं राह्यलं, तर नवरदेवाच्या डोक्यावर बैल उभा! रोल आणलाव का?"

१२० चा रोल पिशवीत होता. त्यात फोटो बाराच. ही बातमीही टपरीवर पोचली आणि अंगण भरलं. पहिला फोटो आजींचा. दुसराही आजींचा, कारण पहिल्यात पदर सरकला होता. तिसरा म्हशीचा, ती घरचीच. सरपंचपदाचे दोन इच्छुक एका चौकटीत मावायला तयार होईनात, म्हणून त्यांच्यावर दोन खर्ची पडले. त्यातल्या धाकट्याने "दाखवा की कसा आला" म्हणत कॅमेरा उलटा केला. मागच्या तांबड्या खिडकीत ५ दिसल्यावर त्याचा चेहरा पडला. "दहापैकी का?"

उरलेल्या सातांसाठी भावकी बसली. जुनी भांडणं उकरून झाली, नवी सुरू झाली. सूर्य कलायला लागला तसा मी ढगाची खूण लावून उरकतं घेतलं आणि मुद्द्यावर आलो. "आजी, द्यायचा का कॅमेरा? पैशाचं तुम्हीच बोला."

"आधी फोटो धुऊन आणा," आजी म्हणाल्या. "चांगले आले, तर असला कॅमेरा म्या कशापायी इकू? अन् वंगाळ आले, तर तुम्ही कशापायी घेताव?"