साष्टांग छायाचित्रण

वाघाचे छायाचित्र काढणाऱ्या मनुष्यास समाजात जी प्रतिष्ठा लाभते ती भुंगेऱ्याचे छायाचित्र काढणाऱ्याच्या वाट्याला कधीच येत नाही, आणि यात समाजाचा काही अन्याय आहे असेही मला वाटत नाही. कारण ताडोब्याचा प्रवासी उघड्या जीपमध्ये ताठ उभा असतो, तर आमच्या पंथातील साधकाचे मुख चिखलात व पार्श्वभाग आकाशाभिमुख असतो, आणि या आसनातील माणसाकडे आदराने पाहणे स्थितप्रज्ञालाही जड जावे. क्षुद्र जीव भिंगात जसजसा देखणा होत जातो तसतसा भिंगामागचा मनुष्य ओंगळ दिसू लागतो. सृष्टीतील सौंदर्याचा साठा ठरावीक असून एकाच्या खाती ते जमा होताच दुसऱ्याच्या खाती तेवढेच नावे पडते, अशी माझी पक्की समजूत झाली आहे.

याला शास्त्राचाही आधार आहे. कीटकाची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी उमटवावयाची म्हटले, की स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरते. डोळे साधावेत तर पाय धुक्यात जातात, आणि स्वतःस श्वास घेण्याची मुभा द्यावी तर कीटकच त्या पट्ट्यातून बेदखल होतो. सबब पालथे पडणे, कोपर रोवणे आणि प्राण रोधणे याला गत्यंतर नाही.

मृगाच्या सरींनंतर मातीतून वर येणाऱ्या तांबड्या मखमली किड्याला ‘ऋतुसंहारा’च्या वर्षावर्णनात इंद्रगोप म्हणून मानाचे आसन मिळाले आहे, कीटकांच्या खानेसुमारीत मात्र तो बसत नाही, कारण पाय आठ असल्याने त्याचे गणगोत कोळ्यांकडचे. त्याच्यासाठी मी एका उद्यानात असाच निपचित पडलो असता एका वृद्ध गृहस्थांनी प्रथम माझी नाडी पाहिली, आणि मी हयात असून किडा पाहत आहे हे कळताच त्यांच्या मुद्रेवर असा विषाद पसरला, की मी खरोखरच मृत असतो तरी तो इतका गहिरा झाला नसता.

परंतु खरा प्रसंग गुदरला तो नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात. त्या पानांवर एक भुंगेरा राहतो, ज्याच्या पारदर्शक ढालीखाली अस्सल बावनकशी झळाळी असते. “साहेब, काय हरवलं?” असे कोणीतरी विचारले, आणि श्वास रोधलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून एकच शब्द निघाला: “सोनं.” पुढच्या काही क्षणांत त्या झुडपाभोवती जी गर्दी लोटली तिच्यात एक भाजीवाली, दोन रिक्षावाले आणि पंचनाम्याला आपण होऊन सिद्ध झालेले एक निवृत्त तलाठी होते. मी भुंगेरा दाखविला. हे सोने कवचातील सूक्ष्म थरांचा ओलावा व त्यांवरून परतणारा प्रकाश यांचे असून जीव मेला आणि वाळला की ते विटते, हेही सविस्तर सांगितले. तेव्हा भाजीवाली म्हणाली, “म्हणजे गहाण टाकता येत नाही!” सौंदर्यशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथांनी मला इतक्या थोड्या शब्दांत निरुत्तर केलेले नाही.

घरातही संघर्ष होताच. केरसुणी हे आमच्या सौभाग्यवतींचे राजचिन्ह, आणि कोळी हा त्यांच्या मुलखातला बंडखोर. मी उड्या मारणाऱ्या कोळ्याची कैफियत मांडली: हा शिकारीसाठी जाळे विणीत नाही, म्हणून जळमटांचा आरोप याला लागू पडत नाही, आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे आमच्यावर रोखून हा आमची पाहणी करतो, तेव्हा दोघांपैकी परीक्षक कोण याचा भ्रम पडावा, शिवाय २०२१ साली ठाण्यातील याच्याच एका भाऊबंदाला शास्त्रज्ञांनी हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले आहे. या शेवटच्या पुराव्याने निकाल फिरला. जाळेवाल्यांना हद्दपारी आणि उडीवाल्यांना अभय, असा तहनामा झाला.

परवा खिडकीच्या चौकटीवर तसाच एक आला, आणि मी नेहमीच्या आसनात शिरतो न शिरतो तोच मागून हुकूम झाला, “अहो, जरा बाजूला व्हा, मी काढते.” ते छायाचित्र उत्तम आले आहे. कोळ्याच्या नेत्रांतील तेज, पायांवरचे केस, सर्व काही लखलखीत. मागे जो करडा, निराकार ढिगारा दिसतो तो मी आहे, हे पाहुण्यांना ती आवर्जून सांगते.