सहावा गणपती

पेणच्या एका गणपती कारखान्यासाठी मी नोंदणीचं पान बनवलं. पाच मूर्ती, पाच बटणं. कुठलंही दाबा, नोंद सहाव्या मूर्तीची! सहावी मूर्ती मुळात नव्हतीच. कारखानदार काका म्हणाले, "तुमच्या संगणकाने घडवली असेल."

दोष माझाच. लूपमध्ये 'व्हार' लिहिलं होतं, म्हणजे पाचही बटणांना मिळून एकच आकडा. गिऱ्हाईक बोट टेकवेपर्यंत लूप संपून तो सहावर जाऊन बसलेला. त्याजागी 'लेट' लिहिलं, सुटलं. हा 'लेट' जावास्क्रिप्ट भाषेत आला २०१५ साली. भाषा जन्मली १९९५ला, तीही दहा दिवसांत. आमच्याकडे दहा दिवसांत विसर्जन होतं.

मग किमतीची जागा कोरी. दर सर्व्हरकडून मागवला आणि पुढच्याच ओळीत छापायला घेतला. दर अजून रोह्याच्या गाडीत, नागोठण्याच्या अलीकडे. उपाय म्हणून, सांगितलेल्या वेळाने काम करणाऱ्या 'सेटटाइमआउट'ला शून्य दिलं. पण जावास्क्रिप्टचं शून्य म्हणजे "आलोच हां". हातातलं संपल्यावर, रांगेतून. रोह्याच्या गिऱ्हाइकाला काका फोनवर हेच सांगत होते, अन् समोर गणपतीच्या एकाच डोळ्याची आखणी झाली होती.