वन्स रिमूव्ह्ड

बीड बायपासच्या कुठल्याही लॉनवर लग्न असू द्या, आहेराच्या टेबलाशेजारी एक सर उभे असतातच. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, सिडकोत राहणारे. शाळा सुटली, पण खिशातला लाल पेन सुटला नाही. तुम्ही कुणाची ओळख करून दिली रे दिली, की त्यांचं तपासणं सुरू.

"सर, हा माझा कझिन ब्रदर."

"नुसतं कझिन म्हण. ब्रदर न्‌ सिस्टर लावायला हा काय दवाखानाय?"

"आणि हे बाबांचे चुलतभाऊ, माझे अंकल."

"अंकल नव्हे. फर्स्ट कझिन, वन्स रिमूव्ह्ड."

चुलतकाकांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. जमिनीच्या वाटणीत आपलं नाव परस्पर काढलं की काय, असं वाटलं त्यांना.

साडूला कुणी 'को-ब्रदर' म्हटलं की सरांच्या कपाळावर आठी चढते. "ब्रदर-इन-लॉ म्हणा." दीर आला, मेहुणा आला, बहिणीचा नवरा आला, तरी तेच. एका बाजेवर चार पाहुणे आडवे निजवावेत तसे सगळे त्या एका शब्दात कोंबायचे. जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी यांची बाज शेजारीच. त्यातल्या जावा-नणंदा एका बाजेवर निजतील का, हे सरांना कोण विचारणार? व्याह्यांना मात्र इंग्रजीत धड शब्दच नाही. तिथं सर मांडवाचं झुंबर बघतात. (शब्दच नाही म्हटल्यावर मानपान तरी कुणाचा करायचा? इंग्रजांचा निम्मा खर्च तिथंच वाचत असणार.)

आता आतली गोष्ट. सरांनी स्वतः मामाची मुलगी केलेली. मराठवाड्यात त्याचं नवल नाही. मामेबहीण चालते, आतेबहीण नाही, हा आपला रिवाज इरावती कर्व्यांनी १९५३ सालच्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया'त नोंदवलाय. इंग्रजीत दोघी नुसत्या कझिन. कोणती करायची आणि कोणतीकडून ओवाळून घ्यायचं, कळायचं कसं?

परवा मी सरांचाच पेन मागून घेतला आणि पत्रिकेच्या पाठीवर झाड काढलं. फर्स्ट कझिन्सची मुलं एकमेकांची सेकंड कझिन्स, हा नियम सरांनीच शिकवलेला. सर आणि काकू फर्स्ट कझिन्स. खाली दोन फांद्या, थोरला आणि धाकटा.

"म्हणजे सर, तुमचे दोघं सख्खे भाऊही झाले आणि सेकंड कझिनही. कझिन ब्रदरच की!"

सरांनी पत्रिका जवळ धरली, लांब धरली. चष्मा काढून पुसला. बरोबरची खूण करावी की चूक, यात बोट हवेतच राहिलं. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "अहो, पंगत बसायलीय!"

सर तडक निघाले. लाल पेन माझ्याकडंच राहिला.