मा. सदृश साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. सदृश साहेब,
(नेमणूक: ‘दुष्काळ’ या शब्दाच्या मागे)
मंत्रालय, मुंबई.

विषय: आपल्या विनंती बदलीबाबत (विनंती आमची).

संदर्भ: १) गेलेला खरीप. २) न आलेला रब्बी. ३) आपल्याशी समक्ष चर्चा, जी अद्याप झालेली नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी तहसील कचेरीसमोर टपरी टाकून अर्ज लिहून देणारा इसम आहे. एक टेबल, एक बाकडे, अलीकडे एक प्रिंटर. शासन निर्णय वाचून त्यात नेमके काय आहे ते लोकांना सांगणे हा माझा जोडधंदा. त्याचे पैसे कोणी देत नाही, चहा मात्र पाजतात. आपली-माझी ओळख या जोडधंद्यातली.

व्याकरणवाल्यांना विचारले तर ते आपल्याला प्रत्यय मानत नाहीत, समासातले उत्तरपद म्हणतात. मला हे फार पटले. पद आहे, उत्तर मात्र आपल्याकडून आजवर कोणाला मिळालेले नाही.

‘दुष्काळसदृश परिस्थिती’ हे शब्द पेपरात आले की दुसऱ्या दिवशी बाकड्यावर गर्दी होते. प्रश्न एकच. “अण्णा, ते सदृश का काय म्हंतेत, त्यात पैसे येतेत का नाई, तेवढं सांगा.” हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी आहे असे आपल्या खात्यात कोणाला वाटत असेल, तर तो गैरसमज दूर करावा. शब्दाची किंमत रुपयांत असते, हे त्याला माझ्याआधी कळलेले आहे. शहरातली माणसे म्हणतात, सरकारी भाषा फार मोघम. साहेब, मोघम काहीच नसते हो! एकेक शब्द सोनाराच्या काट्यावर तोलून टाकलेला असतो. घेणाऱ्याला तो मोघम वाटतो, देणाऱ्याला नाही.

आपल्या घराण्याचा इतिहास मी जमेल तसा जुळवला आहे. आपले आजोबा म्हणजे ‘टंचाई’. १९६३ साली आपल्या राज्याने एक कायदा केला: राज्याला लागू असलेल्या सगळ्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळायचा. कारण असे दिले की, शेतीच्या स्थितीवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चाहूल लागताच मदत पोहोचते, त्यामुळे आता तशी वेळ येण्याला वावच उरलेला नाही. वावच नाही, तर शब्द कशाला? नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. आमच्या घरातली माणसे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली, मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन जगली. त्यांनी मरेपर्यंत त्या सालाला ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हटले. कायद्याची प्रत त्यांच्यापर्यंत पोहोचली नसावी.

कायदेवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र म्हटली पाहिजे. त्या साली लाखो माणसे सरकारी कामांवर होती, हाताला मजुरी होती, आणि म्हणूनच माणसे तगली. रोजगार हमी योजना उभी राहिली ती त्या अनुभवातून. शब्द खोडण्याआधी केली असती तर जास्त शोभली असती अशी ही मदत, पण ती झाली, हे खरे. इंग्रजीत भुकेने माणसे मरतात त्याला एक शब्द आणि पाऊस पडत नाही त्याला दुसरा. आपल्याकडे दोन्हींना मिळून एकच, दुष्काळ. म्हणूनच तो उच्चारताना सरकारची जीभ अडखळत असावी. त्या अडखळण्यातून आपला जन्म झाला असा माझा कयास आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे उघडून भुकेल्यांना धान्य वाटले असे सांगतात. त्यांना आपण भेटला नाहीत हे बरे झाले. आज असते, तर त्यांना आधी अंतिम पैसेवारी मागवावी लागली असती आणि ती डिसेंबरात आली असती.

आता आपल्या कारकिर्दीतल्या सर्वात वैभवशाली वर्षाकडे येतो. २०१६. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागी जमावबंदी लागली. घागर घेऊन पाचजण एकत्र उभे राहिले तर गुन्हा. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. गाडीला हार घातले गेले, फोटो निघाले. पिण्याचे पाणी दुसऱ्या जिल्ह्यातून रेल्वेने आणावे लागत होते आणि कागदावर त्या परिस्थितीचे नाव होते ‘दुष्काळसदृश’. जमावबंदीला मात्र सदृश नव्हते. ती पक्की होती.

मग मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात विषय निघाला, की हे सदृश म्हणजे काय? आणि सरकारने सांगितले की शुद्धिपत्रक काढतो, जिथे जिथे दुष्काळसदृश लिहिले आहे तिथे तिथे दुष्काळ असे वाचावे. एकोणतीस हजारांहून जास्त गावे. साहेब, मी ती बातमी बाकड्यावर मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “म्हंजे काल नव्हता, आज पडला.” त्या रात्रीत एकही विहीर आटली नव्हती, एकही जनावर जास्तीचे चारा छावणीत गेले नव्हते. एक शब्द तेवढा गळाला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या खटल्यात बिहार, गुजरात, हरियाणाला दुष्काळ जाहीर करायला टाळाटाळ केल्याबद्दल सुनावले, म्हणजे आपले नातलग देशभर पसरलेले आहेत.

वाटले होते, आता आपण सेवानिवृत्त व्हाल. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपण पुन्हा रुजू. २३ तारखेला १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’, आणि ३१ तारखेला त्यातल्या १५१ तालुक्यांत सरळ ‘दुष्काळ’. आठ दिवसांत आपण १५१ तालुके सोडलेत. उरलेल्या २९ तालुक्यांत मात्र त्या दिवशी दुष्काळ सापडला नाही. २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यावर इतरत्र आरडाओरडा झाल्यावर १,०२१ महसूल मंडळे आपल्या पदरात घातली गेली. केंद्राच्या चाचणीतून पार झाले ते दुष्काळी, राहिले ते आपले.

त्या मंडळांची अट अशी होती की पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी असला पाहिजे. अट चांगली आहे, पण पाऊस मोजतो कोण? मंडळाच्या गावातला पर्जन्यमापक. मंडळात गावे पंधरा-वीस. आता पाऊस हा काही तलाठ्यासारखा सज्जा ठरवून घेतलेला नोकर नाही. तो पर्जन्यमापकावर अर्धा तास धो धो कोसळतो आणि तीन कोसांवरच्या शिवारात धूळ उडत राहते. कागदावर दोन्ही गावे सारखी भिजलेली. २०२५ च्या खरिपाआधी पीकविम्यातल्या पावसाच्या खंडाचेही तसेच होते. एकवीस दिवस कोरडे जावे लागत. विसाव्या दिवशी शिंतोडे आले की मोजणी पुन्हा एकपासून. आमच्याकडे तेव्हा भर ऑगस्टात ढग आले की काही माणसे चिंतेने वर पाहत. पिकाला पुरणार नाही इतका आणि खंड मोडेल इतका पाऊस पडू नये, अशी प्रार्थना मी या कानांनी ऐकली आहे.

न्यायाने बोलायचे तर आपल्या मंडळांनाही आठ सवलती मिळाल्या. जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्क माफ, रोहयोच्या निकषांत ‘काही प्रमाणात’ शिथिलता. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. तेहतीस नाही, चौतीस नाही. त्या अर्ध्या टक्क्यासाठी कुठल्याशा कक्षात कोणीतरी हट्टाला पेटले असणार, त्या अनाम अधिकाऱ्याला माझा नमस्कार. मात्र सूट ‘चालू’ बिलात. आमच्या बाकड्यावर येणाऱ्यांत चालू बिलवाला माणूस क्वचितच असतो.

सर्वात जास्त वेळ जातो तो ‘पुनर्गठन’ समजावण्यात. माणूस विचारतो, “म्हंजे माफ झालं ना?” नाही. “मग व्याज तरी?” तेही नाही. जुने पीककर्ज फेडायला हप्ते आणि मुदत मिळते, इतकेच. त्याची पाठ वळली की मला वाटते, या शब्दाने याच्या डोक्यावरचे काहीच उतरले नाही, फक्त ओझे या खांद्यावरून त्या खांद्यावर गेले. ‘वसुलीस स्थगिती’चेही तसेच. वसुली थांबते, व्याज थांबत नाही.

आणि ‘मदत’. शेतकरी तिला नुकसानभरपाई म्हणतो, शासन निर्णय चुकूनही म्हणत नाही. भरपाई म्हटले की किती गेले ते मोजावे लागते. मदत म्हटले की किती द्यायचे तेवढेच मोजावे लागते. आपत्तीत पीक तेहतीस टक्के किंवा जास्त गेले पाहिजे. बत्तीस टक्के गेले तर ते गेलेच नाही. त्यानंतर कोरडवाहूला केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषाने हेक्टरी ८,५०० रुपये, साधारण दोन हेक्टरांपर्यंत. एक एकरवाल्याचे किती झाले? ३,४०० रुपये. डीएपीची गोणी तेव्हा १,३५० ला. म्हणजे अडीच गोण्या. हा हिशेब मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर करून दाखवतो, तेव्हा ‘मदत’ या शब्दाचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाही.

आपल्या भाऊबंदांचाही उल्लेख केला पाहिजे. ‘तत्त्वतः’ हे आपले थोरले बंधू. जून २०१७ मध्ये पुणतांब्यापासून पेटलेल्या शेतकरी संपानंतर कर्जमाफी ‘सरसकट’ मान्य झाली, पण ‘तत्त्वतः’, आणि ‘निकषांसह’. तिघे एका वाक्यात मांडीला मांडी लावून बसलेले पाहून आमचा एक कॉलेजात जाणारा पोरगा म्हणाला की लग्न सरसकट ठरलंय, तत्त्वतः, मुलगी निकषांसह. दीड लाखाची मर्यादा आणि ऑनलाइन अर्ज पुढे आले, तेव्हा त्याचे म्हणणे आम्हाला उमगले. ‘उचित कार्यवाही’ हे आपले मेहुणे. त्यांच्याबद्दल काही न लिहिणेच उचित.

मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये एक निराळाच प्रकार झाला. मराठवाड्यात पिके पाण्यात, जनावरे वाहून गेलेली, काही ठिकाणी शेताची मातीच खरवडून गेलेली. लोक म्हणाले, ओला दुष्काळ जाहीर करा. मुख्यमंत्र्यांनी सांगितले की नियमपुस्तिकेत ‘ओला दुष्काळ’ असा शब्दच नाही, पण दुष्काळात ज्या सवलती देतो त्या देऊ. हजारो कोटींचे पॅकेजही आले. साहेब, मला इथे आपली बाजू दुबळी होताना दिसली. शब्द नसताना सवलती देता येतात, तर शब्द असताना सदृश कशासाठी लागते? आणि कोरड्या सालात ‘सदृश’ लावून जे राखून ठेवले जाते, ते ओल्या सालात शब्दाशिवायच कसे सुटते? निवडणुका वगैरे कारणे बाकड्यावर चघळली जातात, मी त्यात पडत नाही.

तरी, आपल्या बदलीसाठी मी काही रिक्त जागा शोधल्या आहेत. बँकेच्या नोटिशीत ‘थकीत’ हा शब्द असतो, एकटा, मोकळा, मागे कोणीच नाही. तिथे आपण रुजू झालात तर मोठे उपकार होतील. सातबाऱ्यावर ‘बोजा’ चढतो, तोही निखळ. ‘जप्ती’ला कधी सदृश लागलेले पाहिले नाही. एकाने मला खरोखरच अर्ज लिहायला लावला होता: “हप्ता भरल्यासदृश समजावा.” बँकेच्या काउंटरवरच्या बाईंनी तो वाचला, हसल्या, आणि परत केला. पोच दिली नाही. म्हणजे आपल्याला तिथे प्रवेश नाही हे मला ठाऊक आहे. म्हणूनच रीतसर बदली मागतो आहे.

२००५ च्या दफ्तर दिरंगाईच्या कायद्यानुसार कोणतीही फाइल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, हे आपल्याला माझ्यासारख्याने सांगायला नको.

आपला,
एक अर्ज लिहिणारा,
तहसील कचेरीसमोर.

सोबत: सातबारा, आठ-अ, आधारची छायाप्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत (मागितलेली नसताना जोडली आहे. नंतर मागवली जातेच).

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात बाकड्यावर एकजण येऊन बसला आहे. त्याची जमीन नाल्याच्या दोन्ही बाजूंना. नाला म्हणजे दोन गावांची शीव, आणि गावे दोन निरनिराळ्या मंडळांत. अलीकडचे दीड एकर मागच्या यादीप्रमाणे दुष्काळसदृश, पलीकडचे एक एकर नुसतेच कोरडे. तूर दोन्हीकडे एकाच दिवशी पेरलेली, एकाच आठवड्यात वाळलेली. नुकसानीचा तपशील या रकान्यात जागा एका ओळीची आहे. त्यात काय लिहू, ते उलटटपाली कळवावे. तो थांबायला तयार आहे.